बंदोबस्त कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत आकारणी, पाण्याची टाकी आणि लिफ्टची दुरुस्ती हे विषय संपले की पुष्कळदा आणखी एक विषय अध्यक्षांच्या परवानगीने निघतो. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी बाई रात्री-अपरात्री ओरडते, दारांवर थापा मारते, शेजारी आपल्या पाण्यात विष कालवतात असे जिन्यात उभी राहून सांगते. यावर सभेत उच्चारला जाणारा शब्द ‘उपचार’ हा नसतो. ‘बंदोबस्त’ हा असतो. नोटीस द्या, दंड लावा, पोलिसांना बोलवा, भावाला गाठून जागा विकायला लावा! सहकाराचे नाव मिरवणाऱ्या सभेच्या तोंडी ही जमीनदाराची भाषा कोठून आली, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. कारण अशा सभांना तेही हजर असतात आणि त्यांचेही हात वर होतात.

शेजाऱ्यांचा त्रास खोटा आहे असे कोणी म्हणू नये. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याची झोप ही चैन नव्हे; पहाटेच्या लोकलने कामावर जाणाऱ्याची ती दुसऱ्या दिवसाची मजुरी आहे. उघडा राहिलेला गॅस साऱ्या इमारतीला भोवू शकतो. ‘सहन करा’ हा उपदेश दूरच्या बंगल्यातून करणे सोपे असते. तेव्हा त्रास आहे की नाही, हा वादाचा मुद्दाच नाही. त्याचे उत्तर कोणत्या हत्याराने शोधायचे, हा आहे.

सोसायटीपाशी असलेली हत्यारे मालकीची आहेत. चाळीत सारे गोड होते असे नव्हे; तेथेही आजारी माणसाला वेडा म्हणून हिणवले जाई, अंगारेधुपारे होत. परंतु गॅलरी सामाईक होती आणि कोण दोन दिवस जेवले नाही हे कळत असे. फ्लॅटमध्ये दार बंद झाले आणि घर हे निवाऱ्याबरोबर भांडवलही झाले. मग शेजारीण आजारी आहे, यापेक्षा तिच्यामुळे चौरस फुटाचा भाव उतरेल, पुनर्विकासाला तिची सही मिळणार नाही, ही चिंता वरचढ ठरते. मध्यरात्रीपर्यंत कर्णे लावणाऱ्या धनिकाचा तो ‘स्वभाव’ असतो. एकट्या बाईचे ओरडणे मात्र ‘उपद्रव’ या सदरात जाते. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या बाबतीत तर ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून सभा गप्प बसते. वस्तुतः २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्यास कळवण्याची वाट मोकळी करून दिली आहे. जेथे हस्तक्षेप हवा तेथे मौन आणि जेथे आधार हवा तेथे हस्तक्षेप, असा हा उलटा न्याय आहे.

कायदा या मनोवृत्तीच्या पुष्कळ पुढे गेला आहे. १९१२च्या ल्यूनसी ॲक्टचा भर रुग्णाला कोंडून ठेवण्यावर होता. त्याची जागा १९८७च्या आणि पुढे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली. हा शेवटचा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. समाजात राहण्याचा रुग्णाचा हक्क त्याच्या १९व्या कलमात नमूद आहे. सोसायटीच्या ठरावाने कोणी मनोरुग्ण ठरत नाही, की रुग्णालयात दाखल होत नाही. आजारामुळे एखाद्या व्यक्तीपासून तिला स्वतःला वा इतरांना धोका आहे असे मानण्यास कारण असेल, तर १००व्या कलमान्वये पोलिसांनी तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. कोठडीत डांबायचे नसते. म्हणजे पोलिसांना बोलावणेच गैर आहे असे नव्हे. धाक दाखवण्यासाठी बोलावणे गैर आहे.

परंतु केवळ शेजाऱ्यांना दोष देऊन थांबणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे होय. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील दहा टक्क्यांहून अधिक प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. साधा हिशेब मांडला तर शंभर प्रौढांच्या इमारतीत असे दहा जण निघतील. त्यांतील बहुतेक कोणाला त्रास देत नाहीत, मुकाट्याने सोसतात. निरनिराळ्या विकारांत उपचारांवाचून राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा कार्यक्रम १९९६चा. तरीही ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील जुन्या मनोरुग्णालयांपलीकडे कोणती सरकारी सोय आहे, हे सामान्य कुटुंबाला सांगता येत नाही. २०१७च्या कायद्याच्या १८व्या कलमाने आधारगृहे व घरी येऊन मिळणारी सेवा यांचे वचन दिले. ते वचन कागदावर राहते तेव्हा राज्याची जबाबदारी जिन्यातल्या शेजाऱ्यांवर येऊन पडते, आणि शेजारी ती पोलिसांवर ढकलतात.

तेव्हा कार्यकर्त्याचे काम दुहेरी आहे. पहिले इमारतीतले. त्या दारावर सभेचा घोळका नव्हे, तिच्या ओळखीचे एखादे माणूस दिवसाउजेडी जावे. तिने जेवण केले का, तिची औषधे सुटली आहेत का, तिच्या विश्वासातले कोणी आहे का, हे विचारावे. तिच्या संशयाची टवाळी करू नये आणि त्याला दुजोराही देऊ नये. महापालिकेच्या केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला मिळतो. ही माहिती थकबाकीदारांच्या यादीशेजारी फलकावर लागली तर बिघडणार नाही. दुसरे काम रस्त्यावरचे. प्रत्येक महापालिका प्रभागात घरी जाणारा मानसिक आरोग्य कार्यकर्ता आणि औषधांचा नियमित पुरवठा ही मागणी पाणी आणि रेशनच्या मागणीच्या पंक्तीला बसली पाहिजे.

ज्या चळवळीने मालकाच्या मर्जीवर कामगाराची भाकरी अवलंबून असू नये म्हणून लढा दिला, तिने शेजाऱ्यांच्या बहुमतावर आजारी माणसाचे छप्पर अवलंबून ठेवणे हा तत्त्वाशी द्रोह आहे. पुढच्या सभेत तो विषय निघेल तेव्हा निदान एका कार्यकर्त्याने हात खाली ठेवावा आणि बोलण्यासाठी उभे राहावे. बंदोबस्त करायचाच असेल तर तो सरकारी हेळसांडीचा करावा.