फळावर मालकी नाही, परिणामांची जबाबदारी आहे



कोणाची नोकरी गेली, प्रमोशन हुकलं किंवा ग्रीन कार्डाची रांग पुन्हा मागे सरकली, की आपल्यातला कोणीतरी हमखास गीता काढतो : "आपण कर्म करत राहायचं, फळाची अपेक्षा ठेवायची नाही." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो हो. पण इथे अमेरिकेत एच-वन-बी वर असलेल्याची नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. घराचा हप्ता, मुलांची शाळा, बायकोचा व्हिसा, सगळं त्या ६० दिवसांवर टांगलेलं. त्याला "अपेक्षा सोड" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. आणि माझ्या मते गीता असं म्हणतही नाही.

दुसऱ्या अध्यायातल्या त्या प्रसिद्ध ४७व्या श्लोकात चार गोष्टी आहेत. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, या दोन आपल्याला तोंडपाठ. तिसरी, फळ हाच कर्माचा हेतू होऊ देऊ नकोस. चौथी मात्र आपण सोयिस्करपणे विसरतो : काही न करण्याचाही मोह धरू नकोस. म्हणजे "जे व्हायचं ते होईल" म्हणून हातावर हात ठेवून बसायची वाट तिथेच बंद!

आता १८वा अध्याय उघडा. २५व्या श्लोकात तामस कर्म कोणतं ते सांगितलंय : पुढे काय होईल, नुकसान किती, कोणाला इजा होईल, आपली कुवत किती, याचा विचार न करता मोहापोटी आरंभलेलं. म्हणजे परिणामांचा विचारच न करणं याला गीता अनासक्ती म्हणत नाही, तामस म्हणते. खुद्द श्रीकृष्णाचंच बघा ना. युद्ध टळावं म्हणून तो स्वतः शिष्टाईला हस्तिनापुरात गेला. परिणामांची फिकीर नसती तर एवढी यातायात कशाला?

मग सोडायचं ते काय? माझं उत्तर : फळावरची मालकी. त्याच अध्यायाच्या १४व्या श्लोकात कार्यसिद्धीची पाच कारणं दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. पाचांत कर्ता एकच. कंपनीने सगळा विभागच बंद केला तर त्यात तुमचं कोडिंग वाईट होतं असं काही नाही. आणि बोनस मिळाला तर तोही एकट्या तुमच्या हुशारीचा नव्हे. नोकरी गेलेल्या मित्राला सांगायचंच असेल तर हे सांगा. आणि सांगून झालं की त्याचा रेझ्युमे योग्य माणसापर्यंत पोचवा.

दुसरं म्हणजे हा उपदेश ज्याने त्याने स्वतःला करायचा आहे. पगार थकवणाऱ्या मालकाने नोकराला निष्काम कर्म शिकवणं ही शुद्ध लबाडी. ठरलेला पगार ही आसक्ती नव्हे, ते देणं आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात कर्मयोगपर 'गीतारहस्य' लिहिलं, ते १९१५ साली छापून आलं. पण सुटून आल्यावर त्यांनी स्वराज्याची मागणी काही सोडली नाही. उलट १९१६ साली होमरूल लीग काढली! अनासक्त माणूस हक्क मागत नाही, हे आपण कुठून आणलं कोण जाणे.

रविवारी मराठी शाळेत शिकवणारी मंडळी बघितली की मला हे नीट कळतं. पोरं घरी जाऊन इंग्रजीतच भांडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी आदल्या रात्री बसून बाराखडीचे तक्ते करतात. एका पद्धतीने जमलं नाही तर पुढच्या रविवारी दुसरी. परिणामांवर लक्ष पूर्ण असतं. पण २० वर्षांनी त्या पोराने पु.लं. वाचले नाहीत म्हणून आपले रविवार फुकट गेले, असं त्यांना वाटणार नाही. निष्काम कर्म याहून वेगळं काय असतं?

कोणाचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. फक्त श्लोकाचे चारही भाग वाचून लिहा, एवढीच विनंती.

लोभ आहेच, तो वाढावा.