नागफणीच्या कड्यावरून

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्या वसाहतीतील आम्ही अठरा जण लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावी गेलो होतो. गावाच्या माथ्यावर नागफणीचा सुळका आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाशी साम्य दिसल्यामुळे इंग्रजांनी त्याचे ‘ड्यूक्स नोज’ असे नामकरण केले. पण गावकऱ्यांसाठी तो आजही नागाची फणीच आहे. वर महादेवाचे छोटे मंदिर, खाली खंडाळ्याचा घाट, त्यातून जाणारा लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग. या सुळक्याच्या तीनशे फुटांहून अधिक उंचीच्या कड्यावरून दोराच्या साहाय्याने खाली उतरायचे, म्हणजे रॅपलिंग करायचे, असा बेत होता.

प्रस्तुत लेखकाने वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली असल्याने त्याच्याकडे पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचे काम आले. महाविद्यालयात शिकणारी भाची मात्र उतरणाऱ्यांत होती. कमरेला हार्नेस, डोक्यावर शिरस्त्राण अशा वेशात ती कड्याच्या टोकाशी पाठ करून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “मामा, आता मागे फिरता येईल का?” मोहिमेच्या प्रमुखांनी ते ऐकले. ते म्हणाले, “येईल. त्यात कमीपणा नाही. मात्र उतरायचे ठरवलेस, तर मी सांगतो तेवढेच करायचे.” ती उतरली.

या उतरण्यातील पहिली गोष्ट माणसाच्या स्वभावाच्या अगदी उलट आहे. भीती वाटली की माणूस कड्याला बिलगतो. आणि जो बिलगतो त्याचे पाय निसटतात. दोरावर भार टाकून, शरीर दरीकडे झोकून मागे रेलल्यावरच तळवे कातळावर घट्ट टेकतात. हे पुस्तकात वाचून येत नाही. त्यासाठी दोरावर, तो बांधणाऱ्यावर आणि दुसरा दोर धरून वर बसलेल्या सहकाऱ्यावर विश्वास टाकावा लागतो.

सुमारे शंभर फूट खाली गेल्यावर ती थांबली. शिरस्त्राणाखालून सुटलेली केसांची एक बट उतरण्याच्या कडीत ओढली गेली होती. हात सोडता येईना, खाली जाता येईना. वर क्षणभर सर्वांचे श्वास रोखले गेले. प्रमुखांनी आवाज चढवला नाही. सुरक्षेसाठी तिला जोडलेला दुसरा दोर तिघांनी मिळून हातभर वर ओढला, तिच्या शरीराचा भार त्यावर घेतला. मुख्य दोर सैल झाला आणि तिने बट सोडवून घेतली. दहा मिनिटांचा हा प्रसंग. पण ती दहा मिनिटे आम्हा घरच्यांना फार मोठी वाटली. केस नीट बांधले आहेत की नाही हे पाहण्यात चूक झाली होती, ती प्रमुखांनी संध्याकाळी सर्वांसमोर मान्य केली. दुसरा दोर नसता, तर चूक मान्य करण्यापलीकडे काही उरले नसते.

त्याच दिवशी थोड्या अंतरावर आणखी एक गट उतरत होता. तेथे एकच दोर होता. विचारल्यावर उत्तर मिळाले, “इतकी वर्षे करतोय, काही झालेले नाही.” हे उत्तर सह्याद्रीत सर्वांत धोकादायक आहे.

कारण कडा अनुभवाचीही गय करत नाही. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांनी आयुष्यभर सह्याद्रीचे कडे पालथे घातले. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरील मोहिमेत कोसळून त्यांचा मृत्यू झाला. ब्रॅड गोब्राइट हा निष्णात अमेरिकन प्रस्तरारोहक नोव्हेंबर २०१९ मध्ये मेक्सिकोतील एका कड्यावरून उतरताना गेला. दोराच्या टोकाला अडकाव गाठ मारलेली नव्हती. अशा थोर साहसवीरांच्या वाट्याला हे येत असेल, तर हौशी मंडळींनी किती सावध असावे?

पावसाळ्यात तर प्रश्न आणखी बिकट होतो. राजमाचीच्या परिसरात, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कातळधारेसारखे धबधबे घळींमध्ये कोसळतात. अशा धबधब्यांतून दोराने उतरण्याकडे तरुणांचा ओढा वाढला आहे. परंतु कोरड्या कड्याचे नियम तेथे जसेच्या तसे चालत नाहीत. कोरड्या कड्यावर दोराच्या टोकाची गाठ जीव वाचवते. डोहात उतरताना तीच गाठ माणसाला कोसळत्या पाण्याखाली अडकवून ठेवू शकते. म्हणून दोर पाण्यापर्यंत नेमका मोजून सोडावा लागतो. डोक्यावर ऊन असले तरी वरच्या माथ्यावर पाऊस पडत असेल, तर काही मिनिटांत घळ भरते.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते कुठलेही साहस करायला आले नव्हते, सहलीला आले होते. पाणी वाढले आणि परतीची वाट उरली नाही. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. तातडीचा उपाय म्हणून ते समजण्यासारखे आहे. परंतु बंदीने पाय थांबतात, समज वाढत नाही.

समज कशाला म्हणतात, हे याच कुरवंड्याच्या घाटाने पाहिले आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन या घाटाने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. शिवछत्रपतींच्या मावळ्यांनी दोन्ही तोंडे रोखली; शत्रूला पाणीही मिळेना, शरण जाण्यावाचून मार्ग राहिला नाही. शौर्य होतेच, पण त्याआधी त्या घळीची प्रत्येक वाट, पाण्याची प्रत्येक जागा ठाऊक होती. ‘आम्ही मावळे’ असे छापलेला सदरा घालून दोर न तपासता कड्यावर जाणाऱ्यांनी हा इतिहास एकदा नीट वाचावा. मावळ्याचे धाडस हे ज्ञानाचे अपत्य होते.

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार असे उपक्रम करणाऱ्यांना नोंदणी आवश्यक झाली. पण प्रत्येक कड्यावर शासन उभे राहू शकत नाही. तेथे उभे राहतात ते लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक. अपघाताची वार्ता येताच आपला व्यवसाय बाजूला ठेवून ते रात्री-अपरात्री दरीत उतरतात, मानधनाची अपेक्षा न ठेवता. त्यांच्या निःस्वार्थ सेवेचे कौतुक आपण करतो. परंतु आपल्या निष्काळजीपणाने त्यांचेही प्राण पणाला लागतात, याचा विचार करत नाही.

मुलांना कड्यावर पाठवू नये, असे या लेखाचे म्हणणे मुळीच नाही. उलट, जरूर पाठवावे. भीतीवर ताबा मिळवण्याचे आणि दुसऱ्यावर विसंबण्याचे शिक्षण वर्गात मिळत नाही. मात्र पाठवण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. संस्थेची नोंदणी आहे का? सुरक्षेचा दुसरा दोर असतो का? पाऊस वाढला तर परत फिरण्याचा निर्णय कोण घेतो? आणि मुलाने ‘मला भीती वाटते’ म्हटले, तर त्याला हसले जाते की ऐकून घेतले जाते? उत्तरे देताना जो संयोजक चिडतो, त्याच्याकडे आपले मूल सोपवू नये.

परतीच्या गाडीत भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामा, पुढच्या वेळी मला दुसरा दोर धरायला शिकायचे आहे.” त्या दिवशीच्या सहलीचे सार्थक या एका वाक्याने झाले, असे मला वाटते.