कोलांट्या खात येणारा अवकाश-कचरा

2 एप्रिल 2022 च्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे जाताना अनेकांनी पाहिले. त्यांतले काही चंद्रपूर जिल्ह्यात पडले. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे सापडले. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हे फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग 3बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत. असा तुकडा नेमका कुठे पडेल, हे आधी का सांगता येत नाही?

एक कारण त्याच्या फिरण्यात आहे. निकामी टप्पा सरळ येत नाही, कोलांट्या खात येतो. आडवा असला की हवा त्याला जास्त अडवते, टोकाकडून आला की कमी. शिवाय फिरण्याची तऱ्हाही बदलत राहते. जाड पुस्तकाला रबरबँड लावून घरीच पाहा. उभ्या कण्याभोवती किंवा थाळीसारखे गरगर फिरवून फेकले, तर ते तसेच फिरते. वरची कड आपल्याकडे येईल अशी कोलांटी देऊन फेकले, तर हवेतच कूस पालटते. 1985 मध्ये सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमिर जानिबेकोव्ह यांना अंतराळात फिरणाऱ्या नटामध्ये हेच दिसले होते.

याची समीकरणे ऑयलर यांनी अठराव्या शतकातच मांडली. संगणक ती क्षणाक्षणाला सोडवतो. पण सुरुवातीचा वेग आणि कल थोडे चुकले, तरी पुढचे चित्र बदलते. त्यात सूर्याच्या उद्रेकांनी वरच्या हवेची घनता कमी-जास्त होते. सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगात वेळेचा अंदाज दहा मिनिटांनी चुकला, तर जागा साडेचार हजार किलोमीटरने चुकते.

म्हणून भाकितापेक्षा गावाची तयारी महत्त्वाची. उद्या उमापूरच्या एखाद्या शेतात असे काही पडले, तर गर्दी होईल, सेल्फी निघतील. तसे करू नये. काही टाक्यांत हायड्रॅझिन हे विषारी इंधन उरलेले असू शकते. त्याच्या वाफेने डोळे व फुप्फुसे भाजतात, यकृताला इजा होते, झटके येतात. त्या झटक्यांवर ब-6 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन उपयोगी पडते. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड गोळीसोबत देतात तेच हे जीवनसत्त्व. तुकड्याला हात न लावता, वाऱ्याच्या दिशेला न थांबता दूर व्हावे आणि पोलीस व तहसीलदारांना कळवावे. अंगावर द्रव उडाला तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.

1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरील नुकसानीची भरपाई यान सोडणाऱ्या देशाने द्यायची असते. 2030 पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले आहे. ते स्वागतार्हच, पण जो कचरा आधीच वर फिरतो आहे, त्यासाठी तालुका पातळीवर साध्या सूचना पोहोचणे आजच शक्य आहे.