'सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही'

आयर्लंडमध्ये डब्लिनहून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेकडे जाणारी लोकल जिथे संपते, ते गाव ग्रेस्टोन्स. वस्ती वीस-बावीस हजारांची. गावातल्या आणि शेजारच्या डेल्गनीतल्या आठ प्राथमिक शाळांच्या पालक संघांनी २०२३ साली एकत्र बसून ठरवलं, की मूल माध्यमिक शाळेत जाईपर्यंत, म्हणजे बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत, त्याला स्मार्टफोन घेऊन द्यायचा नाही. शाळेत नाही आणि घरीही नाही.

यामागे कायदा नव्हता, दंड नव्हता. ज्याला पटेल त्याने पाळावं, एवढंच. सेंट पॅट्रिक्स शाळेच्या मुख्याध्यापिका रेचल हार्पर यांचा यात पुढाकार होता. कोविडनंतर शाळेत परतलेल्या मुलांमध्ये शिक्षकांना एक धास्ती जाणवत होती. आदल्या रात्री फोनवर जे घडलं, त्याचं ओझं घेऊन मुलं सकाळी वर्गात बसत होती.

या निर्णयाचं मर्म एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य डोंबिवलीच्या आईनेही ऐकलंय, डब्लिनच्या आईनेही. "वर्गात सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही." या वाक्यापुढे आईबाप हरतात ते लाड करायची हौस म्हणून नव्हे. आपलं मूल घोळक्यातून एकटं पडलेलं कुणालाच बघवत नाही. एका घराने कितीही ताणून धरलं तरी शेजारच्या चार घरांनी सोडलं की त्याचा निभाव लागत नाही. आठ शाळांनी एकदम ठरवल्यावर मात्र 'सगळ्यांकडे' या शब्दातला जोरच गेला. वर्गात बहुतेकांकडे फोन नसेल, तर मागायचं कुणाकडे बघून?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या शिक्षणमंत्री नॉर्मा फोली यांनी देशभरातल्या प्राथमिक शाळांसाठी याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना आणल्या. पुढच्या वर्षी सरकारने माध्यमिक शाळांसाठी ९० लाख युरोंची तरतूद केली, ती फोन ठेवायच्या पाऊचसाठी. चुंबकाच्या कुलपाचा छोटासा पाऊच. फोन आत टाकायचा, बंद करायचा आणि दप्तरात आपल्याजवळच ठेवायचा. शाळा सुटताना चुंबकावर टेकवला की उघडतो. यावर आयर्लंडमध्ये बरीच टीका झाली. एवढे पैसे समुपदेशकांवर, शिक्षकांवर का खर्च करत नाही, असं लोकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पाऊच तीन-साडेतीनला उघडतो, आणि मुलांना छळणारे संदेश त्यानंतरच यायला लागतात.

शिवाय फोनच्या पलीकडे बसलेल्यांचंही पाहायला हवं. इन्स्टाग्राम आणि टिकटॉक यांची युरोपातली मुख्य कार्यालयं डब्लिनमध्येच आहेत, त्यामुळे युरोपभरच्या मुलांच्या माहितीचा हिशेब या कंपन्यांना आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगापुढे द्यावा लागतो. सप्टेंबर २०२२मध्ये आयोगाने इन्स्टाग्रामला ४० कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. तेरा ते सतरा वर्षांची मुलं आपलं खातं 'बिझनेस' प्रकारात बदलत, आणि मग त्यांचा फोन नंबर किंवा ईमेल कुणालाही दिसू शकत असे. पुढच्या वर्षी टिकटॉकला ३४ कोटी ५० लाखांचा दंड झाला. मुलांची खाती मुळातच सगळ्यांना उघडी होती. मुलाच्या खात्याला मोठ्या माणसाचं खातं जोडायची सोय होती, पण ते मोठं माणूस खरोखर त्याचे आईवडील आहे का, याची खातरजमाच होत नव्हती. घरात बसून सेटिंग तपासणाऱ्या आईला यातलं काय कळणार होतं?

मुलांना जपण्याची जबाबदारी एकट्या घरावर टाकून चालत नाही, हे शहाणपण आयर्लंडला सहज आलेलं नाही. कॉर्क परगण्यातल्या डंडेरो गावच्या शाळेत १९७३ साली लुईस ओकीफ या आठ-नऊ वर्षांच्या मुलीवर तिच्याच मुख्याध्यापकाने अत्याचार केले. त्याच माणसाविरुद्ध १९७१मध्ये दुसऱ्या एका पालकाने तक्रार केली होती. ती शाळेचा कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूंपर्यंत गेली आणि तिथेच विरली. शिक्षण खात्याला कुणी कळवलं नाही. पुढे लुईस कोर्टात गेल्या, तेव्हा सरकारचं म्हणणं होतं, की शाळा चर्चच्या व्यवस्थापनाची, आमचा दोष नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या. तरी त्या थांबल्या नाहीत. अखेर २८ जानेवारी २०१४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आयर्लंडच्या सरकारला जबाबदार धरलं. अत्याचाराला तोवर चार दशकं उलटून गेली होती.

आता तिथे प्रत्येक नोंदणीकृत शिक्षकावर कायद्याने बंधन आहे. मुलाला इजा होतेय असं दिसलं, तर 'टुस्ला' या सरकारी बालसंस्थेला कळवावंच लागतं. 'मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं' एवढ्यावर सुटका नाही. प्राथमिक शाळांत 'स्टे सेफ' नावाचे धडे असतात. 'नाही' म्हण, तिथून निघ, आणि सांग, असं त्यांत लहान मुलांना शिकवतात. पण सांगितलेलं पुढे गेलंच नाही तर काय होतं, ते डंडेरोने दाखवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरला शाळेतच अत्याचार झालेल्या चिमुकल्यांच्या आईवडिलांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, तेही मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२पासून असताना. ते आठवलं की आजही संताप येतो.

तरी फोनच्या बाबतीत ग्रेस्टोन्सने जे केलं, ते त्याच्या आदल्याच वर्षी आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने आपल्या पद्धतीने करून दाखवलं होतं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तीन हजारांच्या आसपास वस्ती. ऑनलाइन शाळा संपली, तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, म्हणून ऑगस्ट २०२२मध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला काहींना हे पटलं नाही. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावत राहिले.

ग्रेस्टोन्सच्या नियमात नसलेली एक गोष्ट वडगावात आहे. तिथला भोंगा मुलांइतकाच आईबापांसाठीही वाजतो. सात वाजले की मुलाच्या हातात पुस्तक येतं, आणि बापालाही आपला मोबाइल फडताळात ठेवावा लागतो.