दोष नियंत्रकाचा कमी, जोडणीचा अधिक

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डिझेल इंजिन बोटीत भरवशाचे नसते, हा गेल्या अंकातील पत्राचा निष्कर्ष घाईचा आहे. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारहून अधिक दाबाखाली असते. इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा, हे नियंत्रक ठरवतो. तो स्वतः क्वचितच बिघडतो. दगा देतात ते गंजलेले कनेक्टर, सैल अर्थिंग, उतरलेली बॅटरी आणि डिझेलमधले पाणी. भंडारदऱ्याच्या जलाशयात कोकणासारखे खारे पाणी नाही. पण अकोले तालुक्यातल्या पावसाळी दमट हवेमुळे अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी धरते. फिल्टरच्या तळाचे पाणी म्हणूनच नियमित काढावे लागते. यांत्रिक पंपाची बहुतेक जुनी इंजिने एकदा सुरू झाली की विजेवाचूनही चालतात, हा त्यांचा मोठा गुण नाकारणे अन्यायाचे ठरेल. नव्या इंजिनाला मात्र स्कॅनर हाताळणारा मिस्त्री काठाजवळ हवाच.