खांद्यावरची नळी आणि सैनिकाचा कान

‘ऑपरेशन सिंदूर’नंतर लष्कराने खांद्यावरून डागायच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांसाठी प्रस्ताव मागवले: ४८ लाँचर आणि ८५ क्षेपणास्त्रे. त्याच सुमारास ‘इग्ला-एस’ या रशियन क्षेपणास्त्रांचा सुमारे २६० कोटी रुपयांचा नवा साठा लष्कराला मिळाल्याची बातमी आली. रशियाकडे इग्लाच्या पुढची पिढी ‘वेर्बा’ गेल्या दशकापासून वापरात आहे. आपली ‘डीआरडीओ’ही याच वर्गातल्या क्षेपणास्त्राच्या चाचण्या घेत आहे. वाहिन्यांवर पल्ला, उंची आणि किंमत यांवर भरपूर बोलून झाले. ही नळी ज्या खांद्यावर ठेवली जाते त्या खांद्याबद्दल आणि त्याला लागून असलेल्या कानाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. सातारा-सांगलीत तरी हा विषय निघायला हवा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. या दोन जिल्ह्यांत माजी सैनिक नसलेले गाव शोधावे लागेल.

आधी यंत्र समजून घेऊ. वेर्बाची नळी, क्षेपणास्त्र आणि चाप मिळून वजन साधारण १७ किलो. पल्ला सहा किलोमीटरच्या आसपास, उंची साडेचार किलोमीटरपर्यंत, स्फोटक भाग अवघा दीड किलोचा. खरी करामत आहे ती क्षेपणास्त्राच्या नाकातल्या ‘डोळ्यात’. प्रत्येक तापलेली वस्तू अवरक्त किरण सोडते आणि ती जितकी गरम तितकी त्या किरणांची तरंगलांबी कमी. ३७ अंशांचे माणसाचे शरीर सर्वाधिक किरण साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सोडते. करोनाकाळात कपाळासमोर धरली जाणारी तापमापक बंदूक हेच किरण मोजत होती. विमानाच्या इंजिनाचा चारशे-साडेचारशे अंशांचा तप्त भाग चार मायक्रॉनच्या आसपास चमकतो. वैमानिक क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी मॅग्नेशियमच्या जळत्या फुलबाज्या सोडतो. त्या इंजिनापेक्षा कितीतरी गरम असतात, म्हणून त्यांची चमक आणखी कमी तरंगलांबीकडे सरकते.

जुनी क्षेपणास्त्रे फक्त उष्णता पाहत आणि फुलबाजीच्या मागे धावत. इग्ला-एस दोन पट्ट्यांत पाहते, तर वेर्बा तीन पट्ट्यांत: जंबुपार, जवळचे अवरक्त आणि मधले अवरक्त. डॉक्टरी भाषेत सांगायचे तर नुसत्या तापावरून मलेरिया की डेंग्यू हे ठरत नाही. ताप, प्लेटलेट आणि रक्ताची काचपट्टी एकत्र पाहिली की निदान पक्के होते. वेर्बाचा डोळा तेच करतो. हा डोळा डागण्याआधी उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड करावा लागतो, नाहीतर त्याला स्वतःचीच उष्णता दिसत राहते. भरपूर दिवे लावलेल्या खोलीतून खिडकीबाहेरचा काजवा दिसत नाही, तसेच हे. बॅटरीवर चालणारा छोटा ड्रोन फारसा तापत नाही, त्यामुळे एवढा हुशार डोळाही तिथे अडखळतो. सिंदूरच्या वेळी ड्रोन पाडायला जुन्या एल-७० तोफा का उपयोगी पडल्या, याचे एक कारण इथे सापडते.

आता माणसाकडे वळू. चार-साडेचार हजार मीटर उंचीवर हवेतल्या प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आत-बाहेर असतो. तिथे रायफल, दारूगोळा आणि जाड कपडे सांभाळत ही १७ किलोंची नळी उचलायची. थंडावा आणि वीज देणारा छोटा गोळा एकदा सुरू केला की तो अर्धा मिनिटच पुरतो. तेवढ्यात विमान शोधायचे, ते आपले की परके हे ठरवायचे, श्वास रोखायचा आणि चाप ओढायचा. खांदा, मान आणि कंबर यांचे जे होते ते हमालीचे काम करणाऱ्या कोणाचेही होते. त्यावर इथे जास्त लिहिण्याची गरज नाही.

कानाचे गणित मात्र वेगळे आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि ही मोजपट्टी फसवी आहे. वीस डेसिबल वाढले की आवाजाचा दाब दहापट होतो. क्षणिक धमाक्यासाठी जगभर १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. रायफलची गोळी सुटताना ती दीडशेच्या वर जाते. खांद्यावरून डागायची रॉकेटे आणि ८४ मिलिमीटरची ‘कार्ल गुस्ताफ’ डागणाऱ्याच्या कानापाशी १८० च्या घरात पोहोचतात, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या शंभरपट दाब. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आक्रसून आतल्या कानाला वाचवतो, पण त्याला जागे व्हायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो. धमाका तोवर आत पोहोचलेला असतो. आतल्या कानाच्या शंखात साधारण १५ हजार केसपेशी असतात. जन्मतः मिळाल्या तेवढ्याच. त्वचा नवी येते, हाड जुळते, या पेशी मेल्या की परत येत नाहीत.

गंमत अशी की बातमीतली इग्ला किंवा वेर्बा या बाबतीत तुलनेने सौम्य आहे. तिच्यात दोन टप्प्यांची सोय असते. छोटा दारूचा भाग क्षेपणास्त्राला नळीबाहेर फेकतो आणि मुख्य इंजिन काही मीटर पुढे गेल्यावर पेट घेते, म्हणजे डागणाऱ्याचा चेहरा भाजत नाही. शिवाय एकेक क्षेपणास्त्र इतके महाग की जवानाचा बहुतेक सराव सिम्युलेटरवर होतो. कान जातो तो सरावाच्या मैदानावर: रायफल, मशीनगन, मॉर्टर, कार्ल गुस्ताफ, आणि वर्षानुवर्षे त्यांच्याजवळ उभा राहणारा उस्ताद. नव्या क्षेपणास्त्राच्या बातमीमुळे जुन्या तोफगोळ्यांचा हिशेब मांडायची संधी मिळाली आहे एवढेच. ती वाया घालवू नये.

अमेरिकेत हा हिशेब आता कानापुरता राहिलेला नाही. तोफखान्यातले आणि खांद्यावरची शस्त्रे चालवणारे सैनिक डोकेदुखी, विसराळूपणा, झोप उडणे अशा तक्रारी घेऊन येऊ लागले. शत्रूचा एकही गोळा न लागता, केवळ स्वतःच्या शस्त्राच्या दाबलहरींमुळे मेंदूला इजा होते का, हा प्रश्न उभा राहिला. संशोधन अजून पूर्ण झालेले नाही. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने ४ पीएसआय ही दाबाची मर्यादा ठरवली आणि नव्या भरतीच्या सैनिकांची मेंदूच्या कामगिरीची प्राथमिक चाचणी सुरू करायला सांगितले. पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबायचे नाही, नोंद आजपासून ठेवायची, हा त्यातला शहाणपणाचा भाग आपल्याकडेही घेण्यासारखा आहे.

धमाक्याने झालेला बहिरेपणा ओळखायला अवघड का जातो? तो आधी चार-सहा हजार हर्ट्झच्या उंच पट्टीत येतो. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण स, श, च, त, फ ही अक्षरे निसटतात. माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण नीट कळत नाही.’ घरात टीव्हीचा आवाज वाढतो, फोन स्पीकरवर जातो आणि ‘तुमचं लक्षच नसतं’ अशी तक्रार सुरू होते. रात्री शांततेत कानात रातकिडे ओरडतात. लग्नाच्या मांडवात, चार माणसे एकदम बोलताना, हा गडी हसून मान डोलावतो आणि लवकर घरी निघतो. विट्याच्या यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या कामगाराचीही गोष्ट अशीच असते. फरक इतकाच की माग रोज आठ तास कान कुरतडतो आणि तोफ एका झटक्यात घास घेते. त्यावर गणपतीतल्या डॉल्बीची भर पडते. सुट्टीवर आलेला जवान मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर नाचतो तेव्हा मैदानावर दमलेल्या कानाला विश्रांती मिळतच नाही. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत बहिरेपणा मोजला आहे. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे.

कळीचा मुद्दा कागदाचा आहे. भरतीच्या वेळी प्रत्येक कानाने सुमारे सहा मीटरवरून कुजबुज ऐकू यावी लागते. ही कसोटी ढोबळ आहे. उंच पट्टीतला खड्डा तिच्यात सहज लपतो, तो फक्त ऑडिओग्राममध्ये दिसतो. भरती होताना जवान निरोगी होता आणि नोंदीत आजार नव्हता, तर नंतरचा आजार सेवेमुळे झाला असे मानावे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात घेतली होती. पण बहिरेपणा किती आणि कधीपासून, हे दाखवायला आलेख लागतोच.

अग्निवीरांच्या बाबतीत हे जास्त टोचते. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. मूळ योजनेनुसार जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे घरी. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकांची ‘ईसीएचएस’ही नाही. बावीस-पंचविसाव्या वर्षी झालेले नुकसान जाणवणारही नाही, कारण उरलेल्या पेशी काम भागवून नेतात. पंचेचाळिशीत वयाची झीज त्यात मिळाली की कान एकदम ‘गेला’ असे वाटेल आणि तेव्हा तो कोरेगावात किंवा तासगावात दुकान चालवत असेल. त्याच्या कानाचा संबंध वीस वर्षांपूर्वीच्या मैदानाशी जोडणारा कागद त्याच्याजवळ नसेल. सेवेतून बाहेर पडताना प्रत्येकाच्या हाती ऑडिओग्राम देणे हे एका क्षेपणास्त्राच्या किमतीपुढे नगण्य खर्चाचे काम आहे. लष्कराने दिला नाही तर घरी परतलेल्या मुलाने पहिल्या महिन्यातच सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तो काढून घ्यावा आणि डिस्चार्ज बुकात जपून ठेवावा. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रमातून ही तपासणी होते. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

जे अजून सेवेत आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. कापसाचा बोळा म्हणजे संरक्षण नव्हे, तो जवळजवळ काहीच अडवत नाही. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा. असा बसला तर तो वीस-तीस डेसिबल कमी करतो, अर्धवट बसला तर त्याचा उपयोग फार थोडा. मोठ्या शस्त्राजवळ प्लगवर कानपट्टाही हवा. धमाक्यानंतर कान बधिर झाला, शिट्टी वाजू लागली आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर युनिटच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जावे. स्टिरॉइडचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांतच होतो. सुट्टीवर घरी आल्यावर आजी लसूण टाकून कढवलेले तेल कानात घालायला निघेल, तिला प्रेमाने थांबवावे. पडदा फाटलेला असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरते.