चुकार बिंदु

प्रयोगशाळेंत लोलकाचा प्रयोग चालला असतां एका विद्यार्थ्याची वही मीं हातीं घेतली. लोलकाची लांबी व आंदोलनकालाचा वर्ग यांचा आलेख त्यानें मोठ्या सुबकपणें काढला होता. पांचही बिंदु एका सरळ रेषेवर ओवल्यासारखे बसले होते. मात्र शेवटच्या बिंदूखालीं कागद खोडरबरानें घासून झिरझिरीत झाला होता. विचारतां तो मान खालीं घालून म्हणाला, "सर, तो रेषेवर येईना, म्हणून वर सरकविला."

मूळ नोंद पाहिली. लांबी १०० सेंटिमीटर असतां २० आंदोलनांस ३८ सेकंद लागल्याचें त्यानें टिपलें होतें. एवढ्या लांबीच्या लोलकास एका आंदोलनाला सुमारें २ सेकंद लागतात. म्हणजे ४० पाहिजेत. मीं पुन्हां मोजावयास सांगितलें. घड्याळ सुरू करतांच तो "एक" म्हणाला! शून्यापासून आरंभ न केल्यामुळें त्याचीं वीस आंदोलनें वस्तुतः एकोणीसच होतीं. पहिल्या चार वेळां मोजणी त्याच्या सोबत्यानें केली होती, ती बरोबर होती. खालीं उतरलेला तो एकटा बिंदु त्याला त्याची चूक सांगत होता, आणि त्यानें सांगणाऱ्याचेंच तोंड बंद केलें.

आणखी एक मौज. पांचही वेळां त्यानेंच मोजलें असतें, तर सर्व बिंदु सारख्याच प्रमाणांत खालीं येऊन रेषा सरळच राहिली असती. मात्र गुरुत्वत्वरण ९८० ऐवजीं सुमारें १०८५ निघालें असतें! रेषा सरळ आली म्हणजे मोजणी खरी, असें नव्हे.

या मुलास दोष देण्यापूर्वीं आम्ही शिक्षकांनीं आपल्याकडे पाहावें. उत्तर ९८० च्या आसपास आलें, रेषा स्वच्छ दिसली, कीं आम्ही तांबड्या शाईनें "उत्तम" लिहितों; ओबडधोबड पण खरा आलेख आणणारास "पुन्हां करा" म्हणतों. आम्हांस काय आवडतें तें मुलें ताबडतोब ओळखतात. घरींही वडील भावाची जुनी वही समोर ठेवून आंकडे उतरून घेण्यास कोणी हरकत घेत नाहीं. पालकांनीं रागावूं नये. परंतु दुसऱ्याचा निबंध उतरविल्यास जी लाज वाटते, ती येथें कां वाटूं नये? न पाहिलेलें पाहिलें म्हणून लिहिणें ही खोटी साक्षच होय.

वगळलेले बिंदु शाळेबाहेर काय करितात, याचें एक उदाहरण देतों. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें चॅलेंजर हें अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें. आंतील सातही जण प्राणांस मुकले. अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्या थंडीनें ताठरल्या होत्या. आदल्या रात्रीं थंडीविषयीं अभियंत्यांनीं शंका काढली होती. परंतु मागील ज्या उड्डाणांत कड्यांस इजा झाली होती तेवढींच विचारांत घेतलीं गेलीं, आणि त्यांवरून थंडीचा संबंध स्पष्ट दिसेना. पुढें चौकशी मंडळानें निर्विघ्न उड्डाणेंही मांडून पाहिलीं. सुमारें १८ अंश सेंटिग्रेडच्या वरील तपमानांतील २० उड्डाणांपैकीं केवळ तिहींत इजा होती. त्याखालील चारही उड्डाणांत होती! येथें कोणीं खोडरबर चालविला नव्हता. बिंदु कागदावर आलेच नव्हते, इतकेंच.

माझी सूचना अशी कीं, मूळ नोंद शाईनेंच व्हावी. रेषा सर्व बिंदूंच्या मधून समतोल ओढावी. जो बिंदु दूर राहील त्याभोंवतीं वर्तुळ करून कारण शोधावें, आणि न सांपडल्यास तसें लिहावें. अर्धे गुण यासच असावे. याकरितां वर्षाचे प्रयोग थोडे कमी करावे लागले तरी माझी हरकत नाहीं.

त्या मुलानें आपला बिंदु पुन्हां मूळ जागीं काढला, त्यास वर्तुळ केलें आणि शेजारीं लिहिलें, "येथें मीं एकापासून मोजलें." त्या पानास मीं पूर्ण गुण दिले.